कानशीने पात्याचा उतार काढताना तो गोल का येतो, आणि धार सापासारखी का वळते?

कराडहून एका मुलाचा प्रश्न आलाय, चाकूच्या पात्याचा उतार, म्हणजे धारेकडे निमुळती होत जाणारी बाजू, कानशीने घासण्याबद्दल. थोडक्यात असा: "काका, जीपच्या जुन्या कमानपाट्याच्या तुकड्यातून भाजी चिरायचा चाकू करतोय. पाटा ६ मिमी जाड, पात्याची लांबी ५ इंच. तीन आठवडे झाले, रोज संध्याकाळी तासभर घासतो. कानस घसरते, मध्येच किंचाळते. उतार सपाट न येता पोट सुटल्यासारखा गोल येतो. मुठीजवळ उतार जिथून सुरू होतो ती जागा एका बाजूला ४ मिमी पुढे आहे. धारेची कड वरून बघितली तर सापासारखी दिसते. बेल्ट ग्राइंडर घेऊ का?"

ग्राइंडर राहू दे. जी चूक करायला कानशीला अर्धा तास लागतो ती ग्राइंडर चार सेकंदांत करतो, आणि तुझं नेमकं कुठे चुकतंय हे तुला अजून दिसलेलं नाही. तुझ्या तक्रारींमागे सगळा दोष हाताचा नाही, थोडा लोखंडाचाही आहे. त्यामुळे आधी लोखंड.

कमानपाट्याला कारखान्यातच पाणी दिलेलं असतं, म्हणजे लाल तापवून एकदम गार करून कडक केलेलं असतं, आणि नंतर ते थोडं उतरवून त्यात लवचिकपणा आणलेला असतो. रॉकवेल या कडकपणाच्या मापात तो चाळीस-पंचेचाळीसच्या घरात भरतो, चांगली कानस साठच्या वर. म्हणजे कानस त्याला कापते, पण स्वतःचे दात गमावून. तीन आठवड्यांत तुझी कानस बहुतेक मेलेली आहे. बोटाच्या पोटाने दातांवरून हलकेच फिरवून बघ. नवी कानस कातडीला धरते, मेलेली गुळगुळीत लागते. उजेडात धरलीस तर दातांची टोकं चमकताना दिसतील. टोक चमकलं म्हणजे ते चपटं झालं.

तर पाटा मऊ करून घे. कराडच्या आसपास एखादा लोहार तुला अजून सापडेल. त्याच्या भट्टीत तुकडा लाल करायचा. लोहचुंबक चिकटायचं बंद होतं ती पहिली खूण, साधारण ७७० अंश सेल्सिअसची. तिथून अजून थोडा वर नेऊन, गरम असतानाच ऐरणीवर सरळ करून, पुन्हा एकदा तापवायचा आणि कोरड्या राखेत पुरायचा. राख भरपूर हवी. तुमच्याकडे गुऱ्हाळं आहेत, चुलवाणाजवळ पोत्याने मिळते. ती पावसात भिजलेली नको, ओल्या राखेत पाटा मऊ व्हायचा सोडून कडक होईल. पातळ तुकडा राखेतही लवकर गार होतो, म्हणून सोबत एक जाड लोखंडी ठोकळा लाल करून शेजारी पुरावा. सकाळपर्यंत हात लावायचा नाही. बाहेर आलेल्या तुकड्यावर काळी खपली असते, ती कानशीची वैरीण. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेव आणि दुसऱ्या दिवशी तारेच्या ब्रशने काढ. त्या खपलीवर नवी कानस कधीच चालवू नकोस.

आता जाडी. ही गोष्ट तुला कुणी सांगितली नाही याचं मला वाईट वाटतं. समज, उताराची उंची २० मिमी ठेवायची आणि कडेला ०.८ मिमी जाडी सोडायची. पट्टी ३ मिमीची असेल तर एका बाजूने काढायचं लोखंड भरतं सुमारे ११ ग्रॅम. पट्टी ६ मिमीची असेल तर तेच २५ ग्रॅमच्या वर जातं. म्हणजे दुपटीहून जास्त घासकाम, आणि एवढं करून मिळतं काय? ३ मिमीच्या पट्टीवर एका बाजूचा उतार तीन अंशांच्या किंचित वर येतो, ६ मिमीवर साडेसात अंशांच्या जवळ. दोन्ही बाजू मिळून पंधरा अंशांची पाचर झाली. असला चाकू कांदा चिरत नाही, फोडतो. चाकूसाठी पाट्याचा नवा तुकडा घे, आणि तो मऊ झाला की तासवडे एमआयडीसीत एखाद्या जॉबवर्कवाल्याकडे मिलिंग करून आणि मग सरफेस ग्राइंडिंगवर ३ मिमी करून घे. तो कुरकुर करेल, तुकडा लहान आहे म्हणेल. दोन-तीन तुकडे एकदम घेऊन जा.

हे झालं की खरं काम. मी मिरजेत टूलरूममध्ये आयुष्य काढलं, चाकू करायला लागलो ते उतारवयात. सुरुवातीला माझाही समज होता की उतार म्हणजे कोन, आणि कोन हातात धरता आला पाहिजे. तीन अंशांचा कोन कुणाच्याही हातात धरता येत नाही. हात रेषेपर्यंत मात्र घासू शकतो. म्हणून सगळं लक्ष रेषांवर. पात्याला चार रेषा लागतात: धारेच्या कडेवर दोन, आणि प्रत्येक बाजूच्या सपाटीवर उतार जिथे संपणार तिथे एक. त्या रेषा बारीक आणि स्पष्ट असतील तर उतार आपोआप येतो. तुझ्याकडे त्या आहेत का हे तू लिहिलं नाहीस. धार सापासारखी झाली म्हणतोस, त्याअर्थी नसाव्यात.

रेषा दिसायला पातं रंगवावं लागतं. मार्कर चालतो, पण दोन हात फिरले की पुसतो. आयटीआयमध्ये आम्ही मोरचूद लावायचो. तासगावकडे द्राक्षबागायतदार बोर्डोसाठी वापरतात तेच, शेतीच्या औषधांच्या कुठल्याही दुकानात मिळतं. चिमूटभर मोरचूद थोड्या पाण्यात विरघळव. पातं पॉलिश पेपरने घासून, तेलाचा अंशही न ठेवता, कापसाच्या बोळ्याने पुस. पोलादावर तांब्याचा पातळ मुलामा चढतो, लालसर. त्यावर स्क्राइबरने, म्हणजे रेघ ओढायच्या पोलादी सुईने, ओढलेली रेघ चांदीसारखी उठून दिसते आणि कानशीच्या भुशाने पुसत नाही. मोरचूद विषारी आहे. स्वयंपाकघरातली वाटी घेऊ नकोस, हात धुऊनच चहाला बस.

धारेच्या कडेवरच्या दोन रेषा मारायला हाइट गेज लागतो असं वाटतं. लागत नाही. एक जाड काच घे, त्यावर पातं आडवं ठेव. शेजारी २.२ मिमीचं ड्रिल काचेवरच आडवं ठेव. ड्रिलचं टोक त्याच्या जाडीच्या बरोबर मध्यावर असतं, म्हणजे काचेपासून १.१ मिमी उंचीवर. पात्याची कड त्या टोकाला टेकवून पुढे सरकव, एक रेघ उमटेल. पातं उलटं कर आणि पुन्हा ओढ, दुसरी रेघ. पट्टी ३ मिमीची असेल तर दोन रेघांमध्ये ०.८ मिमी उरतं. पट्टीच्या जाडीतून ड्रिलची जाडी वजा केली की मधली जागा, इतका साधा हिशोब. पट्टी सगळीकडे नेमकी ३ नसली तरी दोन्ही रेघा मध्यापासून सारख्याच अंतरावर पडतात, ही यातली मजा.

सपाटीवरची रेघ जेनीने मार, म्हणजे एक पाय वाकडा आणि एक टोकदार असलेल्या कंपासने. जेनीचा वाकडा पाय धारेच्या कडेवर टेकव, टोकदार पाय २० मिमीवर, आणि टाचेपासून अणीपर्यंत एका दमात ओढ. कड वळेल तशी रेघही वळते. अर्थात त्याआधी पात्याचा बाहेरचा आकार पुरा झालेला हवा. नंतर आकार बदललास तर रेघ खोटी ठरते.

आता घासायला सुरुवात धारेकडून. बहुतेक नवखे पाठीकडून किंवा मधून सुरू करतात आणि हळूहळू कडेकडे येतात. मग कडेशी पोचल्यावर कळतं की एका जागी रेघ ओलांडली. तू कानस सरळ ४५ अंशांवर धर आणि कडेचा कोपरा मार, पहिल्या रेघेपर्यंत. रेघेला कानस शिवली की थांब, रेघ दिसली पाहिजे. मग पातं उलटून दुसरी बाजू दुसऱ्या रेघेपर्यंत. यात लोखंड जेमतेम जातं, अर्ध्या तासाचं काम, पण आता धार मध्यावर पक्की झाली. यापुढे कडेला हात लावायचा नाही. कानशीचा कोन थोडा झोपव, ४५ वरून तीसवर, मग वीसवर, आणि उताराची वरची कड पाठीकडे चढवत ने. दर वेळी नवा उतार जुन्याला गिळतो. शेवटी वरची कड जेनीच्या रेघेला भिडते आणि सगळे पैलू मिळून एक सपाट पान होतं. मध्ये मध्ये मोरचूद पुन्हा लाव. जिथे लाली उरते तिथे कानस पोचत नाही, जिथे चमकते तिथे ती घासते. तेवढंच वाचायचं.

गोल पोटाचं कारण वेगळं, ते हाताचं. आयटीआयला पहिले काही महिने आम्हाला एकच काम होतं, लोखंडाचा ठोकळा सपाट करणे. मी चौथ्या दिवशी मोठ्या रुबाबात जॉब घेऊन सरांकडे गेलो. त्यांनी स्टीलची पट्टी त्यावर आडवी ठेवली, खिडकीकडे धरली. मध्ये पट्टी टेकलेली आणि दोन्ही कडांना उजेडाची फट. म्हणाले, "हात झोका घेतोय तुझा. पाळणा हलवतोस का?" आणि जॉब परत.

झोका का बसतो ते सांगतो. कानस पुढे जाते तशी तिची जॉबच्या पुढे आलेली बाजू वाढते. दोन्ही हातांनी सारखाच दाब दिला तर सुरुवातीला मूठ खाली झुकते आणि शेवटी अणी. दोन्ही टोकांना कडा जास्त खाल्ल्या जातात, मध्ये पोट राहतं. म्हणून सुरुवातीला डाव्या हाताचा, म्हणजे अणीवरचा दाब जास्त. मध्यावर दोन्ही सारखे. शेवटी उजव्या, मुठीवरच्या हाताचा जास्त. दाब एका हातातून दुसऱ्यात ओतायचा. हे वाचून येत नाही, शंभर हात मारल्यावर मनगटाला कळतं. वाइस कोपराच्या उंचीला हवा, खुर्चीवर बसून होत नाही. डावा पाय पुढे, आणि हात कोपरातून न हलवता खांद्यातून आणि कंबरेतून. कानस फक्त जाताना कापते. येताना उचल किंवा अगदी हलकी सोड, घासत ओढलीस तर दात मरतात.

पातं वाइसमध्ये नुसतं धरू नकोस. एक लाकडी फळी वाइसमध्ये पकड, त्यावर पातं सपाट ठेव आणि मुठीच्या भोकांतून दोन स्क्रू मार. धारेची कड फळीच्या कडेपासून मिलिमीटरभर आत असू दे, म्हणजे खालून आधार मिळतो. पहिली बाजू उतरली आणि पातं उलटलं की मात्र खाली पोकळी होते. कड आता हवेत आहे. कानशीच्या दाबाने ती खाली लवते, दाब काढला की वर येते, आणि तू जिथे जोर दिलास तिथे कमी, बाकी ठिकाणी जास्त लोखंड निघतं. सापासारख्या धारेचं हे दुसरं कारण, बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. जुन्या पोस्टकार्डाच्या किंवा पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून खाली पाचर दे, कड टेकेपर्यंत. आणि एक बाजू पूर्ण करून दुसरीला हात घालू नकोस. दहा-पंधरा मिनिटं इकडे, तेवढीच तिकडे. दोन्ही बाजू असमान राहिल्या तर पाणी देताना पातं वाकतं.

कानशी तीन पुरतात. १२ इंची बास्टर्ड (भरड), १० इंची सेकंड कट (मध्यम), ८ इंची स्मूथ (बारीक). हँड फाइल मिळाली तर उत्तम, तिची एक कड दात नसलेली असते, ती मुठीजवळ कामाला येते. खडू फासून वापर. दातांत भुशाचे कण अडकतात आणि पात्यावर खोल ओरखडा ओढतात, खडूने ते कमी अडकतात. तेल लावू नकोस, कानस घसरते. आणि मूठ. बाजारातून आणलेल्या कानशीला बहुतेकदा मूठ नसते. माझ्या उजव्या तळव्यावर अंगठ्याच्या उंचवट्याखाली एक पांढरा ठिपका आहे, १९८० च्या दशकातला. "एवढंसं तर काम आहे" म्हणून मूठ न बसवता कानस चालवली, ती वाइसच्या जबड्याला अडली आणि मागची शेपटी तळव्यात शिरली. टाके दोनच पडले, पण पंधरा दिवस घास तोंडात घालायलाही डावा हात वापरला.

कानस किंचाळते म्हणालास. एकतर पातं हलतंय, नाहीतर तू रोज त्याच दिशेने घासतोयस. थोडा वेळ डावीकडून तिरकं, मग उजवीकडून तिरकं. पात्यावर ओरखड्यांची जाळी पडते. नव्या दिशेचे ओरखडे जुन्यांना जिथे पुसत नाहीत तो खड्डा, जिथे आधी पुसतात तो उंचवटा. तासगावला एका लोहाराच्या दुकानी मी बसायचो, तो कोयता पायाच्या अंगठ्याखाली धरून घासायचा आणि नजर रस्त्यावर. कसं कळतं विचारलं तर म्हणाला, आवाज भरला की कानस पूर्ण टेकली. खरंच, पूर्ण टेकलेल्या कानशीचा आवाज जाड असतो, कडेवर चाललेलीचा पातळ.

मुठीजवळचा ४ मिमीचा फरक. पुढे असलेली बाजू मागे नेता येते, मागे गेलेली पुढे आणता येत नाही. म्हणजे दोन्ही बाजू मागच्याच जागेला जुळवायच्या. तिथे पात्यावर आडवी, काटकोनात रेघ मार, दोन्ही बाजूंना कडेवरून फिरवून. त्या रेघेवर कडक पोलादाचे दोन सारखे तुकडे समोरासमोर धरून क्लॅम्प आवळ. जुन्या, दात गेलेल्या कानशीचे तुकडे झकास काम करतात. कानस त्यांना टेकून थांबते, खात नाही. दात नसलेली कड त्या बाजूला ठेव. कोपरा मात्र चाकूने कापल्यासारखा टोकदार करायचा मोह आवर. शेवटी बारीक गोल कानशीने तिथे छोटी गोलाई दे. टोकदार कोपऱ्यातून पाणी देताना तडा जातो, मी अशी दोन पाती गमावली आहेत. दुसऱ्याचा आवाज अजून कानात आहे, तेलात "टिक्".

दांडा लावलेली कानस आणि आय-बोल्टचा जिग व्हिडिओत बघितला असशील: डोक्याला गोल भोक असलेल्या बोल्टमधून दांडा सरकतो आणि कोन ठरलेला राहतो. वाईट नाही. पात्याची पाठ बोल्टकडे, धार आपल्याकडे. बोल्टचं भोक धारेपासून ३०० मिमीवर असेल तर आपल्या वरच्या उतारासाठी ते धारेच्या पातळीहून साडेसोळा मिमी उंच हवं, कानशीची खालची बाजू धरून मोजून. पण अणीकडे कड वळते, बोल्टपासूनचं अंतर बदलतं आणि कोनही बदलतो. अणी हातानेच पुरी करावी लागते. तिथे कानशीची मूठ जरा उचलून, कडेच्या वळणाबरोबर फिरवत. आधी हाताने एक पातं कर, मग जिग वापर, हे माझं मत. माझा मुलगा याच्या उलट सांगतो.

कड पातळ होत आली की मापाला एटीएम कार्ड जवळ ठेव. त्याची जाडी ०.७६ मिमी. कड तेवढी राहिली की कानस खाली ठेव. त्याहून पातळ कड भट्टीत जळते किंवा वाकते, धार नंतर लावायची असते. शेवटचा हात स्मूथ कानस आडवी धरून, दोन्ही हातांनी, पात्याच्या लांबीच्या दिशेने ओढत. आडवे ओरखडे निघून उभे राहतात. आडव्या ओरखड्यातूनही तडा जाऊ शकतो. मग १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून. बोटाने घासलास तर केलेली सपाटी गोल होईल. पाणी तेलात द्यायचं, आपल्या बोलीत पाणी म्हणत असलो तरी. ते नीट बसलं की तीच कानस पात्यावरून काचेवरून घसरावी तशी घसरते. या वेळी घसरली तर आनंद मान.

एक बाजूची गोष्ट. आता ५ इंची करतोयस, पुढे मोठं करायची हौस येईल. घरगुती आणि शेतीची हत्यारं सोडली तर ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं शस्त्र नियमांच्या कक्षेत येतं. हौशीला तेवढं लांब जायचं कारण नाही.

आणि हातातलं पातं टाकू नकोस. ते आधीच एका बाजूने खाल्लं गेलंय, त्यामुळे मिलिंगवर नीट बसणार नाही. त्याचा चाकू होणार नाही, पण ६ मिमीची जाडी आणि तुझी ती पाचर नारळ फोडायच्या कोयतीला अगदी बरोबर आहे. मऊ कर, सापासारखी कड सरळ होईपर्यंत तीन-चार मिमी मागे घास, दोन रेघा मार आणि ४५ अंशांपासून सुरू कर. चाकूची नवी पट्टी मिलिंगवरून यायला आठवडा लागेल, तोवर हाताला सराव होईल.